भाषांची नाती

मुंबईच्या उपनगरांतील बोरिवली हे नित्य गजबजलेले स्थानक. त्याच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, कान्हेरीची लेणी आहेत. पश्चिमेस खाडी ओलांडून गोराईला गेले, म्हणजे जागतिक विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दृष्टीस पडतो. या दोन ठिकाणांत अंतर थोडे आहे. काळाचे अंतर मात्र सुमारे दोन हजार वर्षांचे आहे. कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले प्राकृत लेख आढळतात. कल्याण, सोपारा, नाशिक येथील श्रद्धाळू व्यापाऱ्यांनी भिक्षूंसाठी जी दाने दिली, त्यांची नोंद त्यांत आहे. या लेखांत गुहेला ‘लेण’ म्हटले आहे. आपला ‘लेणे’ हा शब्द तो हाच! गोराईचा पॅगोडा २००९ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याची घडण ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, यांगून शहराच्या श्वेडगोन पॅगोडासारखी आहे. आतील विशाल घुमटाखाली एकही खांब नाही, आणि तरीही तेथे सुमारे ८,००० माणसे एकाच वेळी बसू शकतात.

या पॅगोडाच्या उभारणीमागील प्रेरणा सत्यनारायण गोएंका यांची. त्यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे झाला. त्यांच्या ब्रह्मी गुरूंचे नाव सयाजी ऊ बा खिन असे होते. हे नाव प्रथम ऐकणारा मराठी मनुष्य क्षणभर थबकतो. ‘सयाजी’ हे नाव तर आपल्या चांगल्याच परिचयाचे! बडोद्याचे सयाजीराव गायकवाड कोणास ठाऊक नाहीत? मग ब्रह्मदेशातील गुरूंचे नाव मराठी कसे? एखादा उतावळा विद्यार्थी लागलीच सांगून टाकील, की ब्रह्मी आणि मराठी या भाषा एकमेकींच्या बहिणी असल्या पाहिजेत.

परंतु तसे मुळीच नाही. ब्रह्मी भाषेत ‘सया’ म्हणजे गुरुजी, आणि ‘जी’ म्हणजे थोर किंवा मोठा. ‘सयाजी’ ही तेथे पदवी आहे, नाव नव्हे. ‘ऊ’ हाही नावाचा भाग नव्हे. ‘ऊ’ म्हणजे काका किंवा मामा. वयाने व मानाने मोठ्या पुरुषाच्या नावापूर्वी तो लावतात. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीसपद १९६१ ते १९७१ या काळात भूषविणारे ऊ थांट यांचे खरे नाव केवळ ‘थांट’ एवढेच होते. स्त्रियांच्या नावापूर्वी ‘दॉ’, म्हणजे मावशी किंवा आत्या, असे लावतात. आपण ‘रामकाका’ म्हणतो, ते ‘काका राम’ म्हणतात, एवढाच फरक. तुर्कस्तानातील लोक मात्र आपल्याप्रमाणेच नाते नावानंतर ठेवतात. तेथे शेजारच्या अहमदकाकांना मुले ‘अहमेत अमजा’ अशी हाक मारतात.

तेव्हा दोन भाषांत एखाददुसरा शब्द सारखा ऐकू आला, म्हणजे त्या भाषांचे नाते जुळले, असे होत नाही. पृथ्वीवर भाषा हजारो आहेत. माणसाच्या मुखातून निघणारे ध्वनी मात्र मोजकेच. त्यामुळे कोठे ना कोठे असा योगायोग व्हावयाचाच.

शब्द राहू द्या. वाक्याची रचना सारखी असली तर? येथे मोठी गंमत आहे. ‘मूल घरी जाते’ हे साधे मराठी वाक्य घ्या. तुर्की भाषेत ते ‘चोजुक एव्हे गिदियोर’ असे होते. ‘चोजुक’ म्हणजे मूल, ‘एव्ह’ म्हणजे घर, ‘एव्हे’ म्हणजे घराला, आणि ‘गिदियोर’ म्हणजे जाते. ब्रह्मी भाषेत हेच वाक्य साधारणपणे ‘कले एँ-गो थ्वा-दे’ असे उच्चारतात. ‘कले’ म्हणजे मूल, ‘एँ’ म्हणजे घर, ‘गो’ हा आपल्या ‘ला’सारखा प्रत्यय, आणि ‘थ्वा-दे’ म्हणजे जाते. तिन्ही वाक्यांत आरंभी कर्ता, मध्ये स्थळ आणि अखेरीस क्रियापद. तिन्ही भाषांत प्रत्यय शब्दाच्या पाठीमागे येतो. इंग्रजीत मात्र क्रियापद अगोदर येते, आणि ‘ला’ या अर्थाचा ‘टू’ हा शब्दही घराच्या पुढे येऊन उभा राहतो. शब्दांचा हा क्रम पाहिला, तर मराठी, तुर्की व ब्रह्मी या एका घरच्या आणि इंग्रजी तेवढी परकी, असे कोणासही वाटेल.

एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या पंडितांनाही असाच काहीसा मोह पडला होता. ऋग्वेदाच्या संपादनामुळे प्रसिद्ध झालेले माक्स म्युल्लर यांनी १८५४ साली ‘तुराणी’ नावाचे एक विशाल भाषाकुल कल्पिले. तुर्की, तमिळ, तिबेटी, ब्रह्मी अशा नाना भाषा त्यांनी त्या एकाच छत्राखाली गोळा केल्या. पुढील संशोधकांनी एकेक शब्द तपासला, तेव्हा हे छत्र टिकले नाही. आज ‘तुराणी’ कुल कोणीही मानीत नाही. शब्दांचा क्रम ही घराच्या बांधणीसारखी गोष्ट आहे. कोकणात कौलारू घर असते आणि दूर देशीही कौलारू घर आढळते. तेवढ्यावरून दोन्ही घरांतील माणसे भाऊबंद ठरत नाहीत.

मग भाषांचे नाते ओळखावे कसे? जे शब्द सहसा कोणी उसने घेत नाही, ते पाहावे. आई, बाप, मी, तू, डोळा, पाणी आणि लहान संख्या यांची नावे मूल पाळण्यात असतानाच ऐकते, आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकतात. घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या चाळीत हा प्रयोग सहज करता येईल. मराठी मुलगा ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ मोजतो. शेजारची गुजराती मुलगी ‘एक, बे, त्रण, चार, पांच’ मोजते. ही सख्खी बहीणभावंडे, हे सांगावयास पंडित कशाला हवा? त्यांच्याच जिन्यावरचा तमिळ मुलगा ‘ओन्रु, इरण्डु, मून्रु, नान्गु, ऐन्दु’ असे म्हणतो. तो रोज त्यांच्याबरोबर खेळतो. पण त्याची भाषा निराळ्या कुळातली. उलट, सातासमुद्रापलीकडच्या इंग्रजीत ‘टू’ व ‘थ्री’ आहेत. संस्कृतातील ‘द्वि’ आणि ‘त्रि’ यांच्याशी त्यांचे साम्य स्पष्ट आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. त्याच कुळाला आज इंडो-युरोपीय असे म्हणतात. मराठी त्यातलीच.

आता तुर्की पाहा: ‘बिर, इकि, उच, दर्त, बेश’. मराठीशी याचे काहीएक जुळत नाही. पण उझबेक लोक ‘बिर, इक्कि, उच, तोर्त, बेश’ असे म्हणतात, आणि तेथे नाते चटकन उमगते. तुर्की, उझबेक, तुर्कमेन, कझाक, अझरबैजानी या सर्व एका तुर्किक कुळातल्या भाषा. त्यांचे सर्वांत जुने मोठे शिलालेख तुर्कस्तानात नसून दूर मंगोलियात, ओरखोन नदीच्या खोऱ्यात आहेत. ते आठव्या शतकातील आहेत. तुर्क लोक कोठून कोठे आले, याची साक्षच हे दगड देतात.

ब्रह्मी भाषेत तीन या संख्येला ‘थोउं’ म्हणतात. पण लिहिताना मात्र ‘सुं’ असे लिहितात. तिबेटी भाषेत तिनास ‘सुम’ म्हणतात. ‘मी’ या अर्थी दोन्ही भाषांत ‘ङा’ हाच शब्द आढळतो. ब्रह्मी ही तिबेटीची नातलग, आणि या दोघींचे दूरचे नाते चिनीशी आहे. ज्या ‘ङ’ अक्षराचा आपल्याला शब्दारंभी कधीच उपयोग करावा लागत नाही, तेच अक्षर ब्रह्मी माणूस ‘मी’ म्हणताना उच्चारतो!

तुर्की आणि ब्रह्मी यांचे परस्परांशीही नाते नाही. वाक्यरचना सारखी असली, तरी त्यांचे स्वभाव किती निराळे आहेत! तुर्की भाषा आगगाडीसारखी आहे. मूळ शब्द पुढे, आणि त्याच्या मागे एकापुढे एक प्रत्ययांचे डबे. ‘एव्ह’ म्हणजे घर. ‘एव्हलेर’ म्हणजे घरे. ‘एव्हलेरिमिझ’ म्हणजे आमची घरे. ‘एव्हलेरिमिझदे’ म्हणजे आमच्या घरांत. एवढा सगळा अर्थ एकाच शब्दात मावतो. मराठीत ‘रस्ता’ शब्दाला ‘त’ लावताना ‘रस्त्यात’ असे होते. म्हणजे मूळ शब्दाला सामान्यरूप घ्यावे लागते आणि विद्यार्थ्यांना ते पाठ करावे लागते. तुर्कीत मूळ शब्द बहुधा तसाच राहतो. पण तेथील विद्यार्थ्यांना दुसरी दक्षता घ्यावी लागते. प्रत्ययातील स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळला पाहिजे. ‘एव्ह’ला ‘लेर’ लागतो, परंतु ‘ओकुल’ म्हणजे शाळा, तिला ‘लार’ लागून ‘ओकुललार’ होते. गाणाऱ्याने आपला सूर तंबोऱ्याशी जुळवून घ्यावा, तसेच काहीसे हे.

ब्रह्मी भाषेचा कस निराळ्या ठिकाणी लागतो. तीत स्वराची पट्टी बदलली, की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘सा’ हा उच्चार खालच्या व सपाट सुरात केला, तर अर्थ होतो पत्र किंवा लेखन. तोच वरच्या सुरात लांबवून केला, तर अर्थ होतो खाणे. आणि आखूड, घसा आवळून केला, तर अर्थ होतो आरंभ करणे. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ पालटतो. ब्रह्मीत तेच काम सूर करतात. पत्र वाचावयास सांगताना सूर चुकला, तर ऐकणारा गोंधळेल यात नवल काय?

मोजण्याचीही तेथे एक रीत आहे. ‘तीन विद्यार्थी’ असे ते म्हणत नाहीत. ‘विद्यार्थी तीन जण’ अशा अर्थाचे बोलतात. माणसांसाठी एक शब्द, जनावरांसाठी दुसरा, असे मोजण्याचे शब्द ठरलेले असतात. आपणही ‘चार जण आले’, ‘दोन नग द्या’ असे बोलतोच. आपल्याला त्याची सक्ती नाही, इतकेच. शिवाय तुर्की आणि ब्रह्मी या दोन्ही भाषांत नामाला लिंग नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ या तिघांना तुर्कीत मिळून ‘ओ’ हा एकच शब्द पुरतो. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा वाद तेथील वर्गात कधी होत नसेल!

नाते नाही, तरी देवघेव मात्र भरपूर झाली आहे. बाबराने आपले आत्मचरित्र ‘चगताई’ नावाच्या तुर्की भाषेत लिहिले. १५२६ साली पानिपतावर त्याच्या सैन्यात तोफखाना होता. ‘तोफ’ हा शब्द मुळात तुर्की ‘तोप’. आजच्या तुर्कस्तानात ‘तोप’ म्हणजे चेंडूही होतो, आणि मुले मैदानात तोच लाथाडीत असतात. ‘बेगम’ हा शब्दही तुर्की. ‘मशालची’, ‘खजिनची’ या शब्दांच्या शेवटी जो ‘ची’ आहे, तो प्रत्ययही तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. काही शब्द तर अरबी-फारसीच्या मोठ्या बाजारातून तुर्कांनीही घेतले आणि मराठ्यांनीही घेतले. त्यांचे ‘पाझार’ आणि आपला ‘बाजार’, त्यांचे ‘दुक्कान’ आणि आपले ‘दुकान’, त्यांचे ‘मेयदान’ आणि आपले ‘मैदान’ हे सर्व असे आहेत. आपले विद्यार्थी ज्यात वह्या भरतात ते ‘दप्तर’. तुर्की विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘देफ्तेर’ म्हणजे खुद्द वहीच!

ब्रह्मी भाषेने घेतले ते पाली भाषेतून, बौद्ध धर्माबरोबर. पण उसना शब्द नव्या घरात गेला, की त्याला त्या घरची वळणे घ्यावी लागतात. ब्रह्मी लोक पाली ‘स’चा उच्चार ‘थ’सारखा आणि ‘र’चा उच्चार ‘य’सारखा करतात. म्हणून ‘राजा’ तेथे ‘याजा’ झाला. धर्मशासन या अर्थाचा ‘सासन’ हा शब्द ‘थाथना’ झाला. ‘भासा’, म्हणजेच आपली ‘भाषा’, ‘बाथा’ अशी काहीशी ऐकू येऊ लागली. ‘रंगून’चे ‘यांगून’ कसे झाले, हेही आता ध्यानात येईल.

लिपीच्या बाबतीत तर ब्रह्मी आपल्या अगदी जवळची आहे. ती डाव्या बाजूने उजवीकडे जाते, आणि तिची वर्णमाला ‘क, ख, ग, घ, ङ’ अशीच सुरू होते. कान्हेरीच्या भिंतीवरील ब्राह्मी लिपीपासून उत्तरेकडील व दक्षिणेकडील अनेक लिप्या निघाल्या. त्यांतील एका शाखेवर देवनागरी आली, दुसऱ्या शाखेवर ब्रह्मदेशाची लिपी. तिची अक्षरे वाटोळी आहेत. ताडपत्रावर टोकदार लेखणीने सरळ रेघ ओढली असता पान चिरते, म्हणून ती वाटोळी झाली, असे सांगतात. अक्षरांचे नाते एक असते आणि भाषेचे दुसरे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. ‘ब्रह्मी’ ही भाषा आणि ‘ब्राह्मी’ ही लिपी; यांतही गल्लत करू नये.

तुर्कांनी मात्र आपली लिपीच बदलली. शतकानुशतके ते अरबी लिपीत लिहीत होते. १९२८ साली मुस्तफा केमाल यांच्या राजवटीत कायदा होऊन लॅटिन लिपी स्वीकारण्यात आली. प्रौढ माणसेही पाटी घेऊन नव्या शाळांत बसली. साक्षरता वाढण्यास त्याची मदत झाली, हे निर्विवाद. पण आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईना, हेही तितकेच खरे. आपल्याकडे याची कल्पना येणे कठीण नाही. महाराष्ट्रातील पत्रव्यवहार व हिशेब शेकडो वर्षे मोडी लिपीत चालत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडीचा वापर मागे पडला, आणि अनेक घरांतील जुने कागद आज घरच्याच माणसांना वाचता येत नाहीत.

तुर्कांनी १९३२ साली भाषासंस्था स्थापून अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द आणण्याचे काम हाती घेतले. ‘मेक्तेप’ गेले आणि ‘ओकुल’ आले. मराठी विद्यार्थ्यांना हे ऐकताना शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाची आठवण होईल. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश सतराव्या शतकातील. दोन्ही प्रयत्नांत सगळे शब्द पालटले नाहीत. तुर्कांचे ‘किताप’ राहिले, आणि आपला ‘बाजार’ व ‘दप्तर’ही राहिले.

ब्रह्मदेश आणि महाराष्ट्र यांची गाठ एका विलक्षण प्रसंगाने पडली आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत केले, आणि पुढील वर्षी त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. राजधानी मंडाले सोडलेला हा राजा पुन्हा मायदेशी गेला नाही. १९१० पासून तो रत्नागिरीच्या टेकडीवरील नव्या राजवाड्यात राहिला आणि १९१६ साली तेथेच मरण पावला. योगायोग असा, की रत्नागिरीस जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात त्याच मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच मराठीत लिहिले. ब्रह्मी बोलणारा राजा कोकणात, आणि मराठीचा धुरंधर लेखक ब्रह्मदेशात!

राजाचे कुटुंबीय १९१९ साली मायदेशी परतले. परंतु थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली, आणि तिची मुलगी तेथेच लहानाची मोठी झाली. या मुलीच्या अंगात ब्रह्मदेशाच्या राजघराण्याचे रक्त होते. पण शेजारपाजारी जे बोलले जाई, तेच तिच्या कानांवर पडे. तिचे लग्न रत्नागिरीतच झाले, तिच्या मुलाबाळांची घरेही तेथेच झाली. थिबा राजाची ही नात मराठी बोलत असे.

अभ्यास

१. ‘सयाजी’ या शब्दाचे मराठीतील आणि ब्रह्मीतील उपयोग सांगा. दोन्ही भाषांचे नाते त्यावरून का ठरत नाही?

२. पाली ‘सुख’ या शब्दाचा उच्चार ब्रह्मी माणूस कोणत्या अक्षराने सुरू करील? पाठात दिलेल्या नियमाच्या आधारे सांगा.

३. आपल्या चाळीत किंवा वर्गात बोलल्या जाणाऱ्या दोन भाषांतील एक ते दहा अंक लिहून घ्या, आणि त्या एका कुळातील आहेत की नाहीत याचा विचार करा.

४. घरात मोडी लिपीतील एखादा कागद असल्यास वडीलधाऱ्यांच्या परवानगीने तो पाहा, आणि त्यातील ओळखता आलेली अक्षरे वहीत काढा.